खरेदीदाराआधी कोठार

पूर्व विदर्भात दिवाळीच्या सुमारास हलके, म्हणजे लवकर पिकणारे, धान कापणीला येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत आणि नागपूरच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत तेव्हा सगळी देणी एकदम अंगावर येतात. कापणी-मळणीची मजुरी द्यायची असते, कृषी केंद्रावरची खता-औषधांची उधारी चुकवायची असते आणि घरात सण असतो. हमीभावाने धान घेणाऱ्या सरकारी आधारभूत केंद्रावर काटा लागायला अजून अवकाश असतो. व्यापाऱ्याचा माणूस मात्र रोख पैसे घेऊन खळ्यावर हजर असतो. कापून पसरलेला कडपा वाळला न वाळला तोच मळणी होते, पोती शिवली जातात आणि वर्षभराच्या राबणुकीचा हिशेब पंधरा दिवसांत मिटतो. पुढे आषाढात, ऐन रोवणीत म्हणजे भातलावणीत, त्याच घरातली बाई किराणा दुकानातून तांदूळ उधार आणते.

लहान शेतकऱ्याला मोठ्या खरेदीदाराशी जोडा म्हणजे त्याचे उत्पन्न वाढेल आणि घरात अन्नाची हमी येईल, असे गेली पंधरा-वीस वर्षे जगभर सांगितले जाते. जागतिक अन्न कार्यक्रमाने २००८ मध्ये वीस देशांत लहान शेतकऱ्यांकडून थेट धान्यखरेदीचा प्रयोग सुरू केला. आपल्याकडे २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची केंद्राची योजना आली, राज्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने शेतीव्यवसायाचा स्मार्ट प्रकल्प आला. हेतूंवर मला शंका नाही. पण या सगळ्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की शेतकऱ्याला खरेदीदार मिळत नाही. धानपट्ट्यात हे खरे नाही. इथला दोन एकरवाला कित्येक पिढ्यांपासून बाजाराशी घट्ट जोडलेला आहे. उधारीने जोडलेला आहे, म्हणून तर त्याला सुटता येत नाही. त्याला ‘आज नाही विकत’ असे म्हणता येत नाही, हे त्याचे खरे दुखणे आहे, आणि ते दूर न करता दारात कितीही मोठा खरेदीदार उभा केला तरी फक्त गाडीचा आकार बदलेल. आधी थांबण्याची ताकद द्या, कोठार द्या, कोठारातल्या मालावर पैसे द्या. खरेदीदार त्यानंतर येऊ दे. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी पूर्ण जबाबदारीने मांडतो आहे.

एका घराचा हिशेब मांडून बघू. दोन एकर बांध्या (बांध घातलेली धानाची शेते), चांगल्या वर्षी एकरी पंधरा क्विंटल धरले तर तीस क्विंटल धान. पाच माणसांचे भात खाणारे घर महिन्याला साधारण पन्नास किलो तांदूळ संपवते, म्हणजे वर्षाला सहाशे किलो. शंभर किलो धानातून सदुसष्ट किलो तांदूळ, हे सरकारी भरडाईचे प्रमाण धरले तर त्यासाठी नऊ क्विंटल धान लागते. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून फुकट मिळते. पाच माणसांना वर्षाला तीनशे किलो, त्यातही काही वाटा गव्हाचा. तेव्हा उरलेल्या गरजेसाठी साडेचार-पाच क्विंटल आणि बियाण्यासाठी अर्धा क्विंटल धान घरच्या ढोलीत राहिलेच पाहिजे. तिसातले पाच-साडेपाच. हे काही अशक्य मागणे नाही.

तरीही ते राहत नाही. कारण घेणेकरी पोत्यांची संख्या बघत नाही, रकमेची बाकी बघतो. भाव पडला की तेवढीच बाकी फेडायला जास्त पोती जातात, आणि ती जास्तीची पोती घरच्या खाण्यातूनच निघतात. म्हणून मला वाटते, धानखरेदीच्या कोणत्याही योजनेचा अहवाल किती क्विंटल खरेदी झाली आणि किती कोटी वाटले एवढ्यावर थांबता कामा नये. त्या योजनेतल्या घरांत रोवणीच्या महिन्यात किती धान शिल्लक होते, हे मोजले पाहिजे. ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका यांना हे एका आठवड्यात मोजता येईल. ते मोजण्याची तसदी आजवर कोणाला घ्यावीशी वाटलेली नाही, आणि नाव मात्र अन्नसुरक्षेचे घेतले जाते.

आता काट्याजवळ जाऊ, कारण शेतकऱ्याचे नुकसान भावात होते तितकेच मापात होते. सरकारी निकषाप्रमाणे धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. घाईत मळलेल्या धानात तो २०-२२ टक्के असतो. २२ टक्के ओलाव्याचे शंभर किलो धान १७ टक्क्यांवर आणले तर चौऱ्याण्णव किलो भरते. ही सहा किलोंची घट खरी आहे, ती कापली तर तक्रार नाही. पण खळ्यावर ओलावा मोजतो कोण? खरेदीदाराचा माणूस चार दाणे दाताखाली धरतो आणि सांगतो, ‘ओलं आहे काका, पोत्यामागे दोन किलो कट्टी धरावी लागेल.’ काकांनी कितीही सांगितले की दोन उन्हं दिली आहेत, तरी हातात पुरावा नसतो. चाळीस किलोच्या पोत्यामागे दोन किलो म्हणजे सरळ पाच टक्के. तीस क्विंटलमागे दीड क्विंटल धान नुसत्या तोंडी शब्दावर गेले. ओलावा मोजणारे साधे यंत्र गावच्या संस्थेकडे असले, सिमेंटचा एक वाळवण ओटा आणि ताडपत्र्या असल्या, तर या एका जागी जितका फरक पडेल तितका एखाद्या भव्य करारानेही पडणार नाही. अवकाळी पाऊस कडप्यावर पडला की दाणा काळा पडतो, कोंब फुटतो, आणि मग तर बोलायलाच जागा उरत नाही.

सरकार हा धानपट्ट्यातला सर्वांत मोठा खरेदीदार. बिगर आदिवासी भागात मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ, अशी खरेदीची व्यवस्था आहे. महामंडळासाठी गावपातळीवर आदिवासी विविध कार्यकारी संस्था, म्हणजे आविका संस्था, काटा लावतात. २०२५-२६ चा हमीभाव साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि अ दर्जाला २,३८९ रुपये ठरला. हमीभाव नसता तर खळ्यावरचा भाव कुठे गेला असता याची कल्पना करवत नाही. म्हणून ही खरेदी बंद करून सगळे खासगीवर सोपवा म्हणणाऱ्यांशी माझे अजिबात जमत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ मध्ये देशातले जेमतेम सहा टक्के शेतकरी हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकतात असे नोंदवले, आणि त्यावरून काहींनी हमीभावच निरुपयोगी ठरवला. मला त्यातून उलटा अर्थ दिसतो. दरवाजा आहे, पण चौऱ्याण्णव जणांना तिथवर पोचताच येत नाही.

का पोचता येत नाही ते केंद्रावर उभे राहिले की कळते. ऑनलाइन नोंदणी, सातबारा, ई-पीक पाहणी, आधार, बँकेचे पासबुक. मग बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही. बारदाना आला तर गोदाम भरलेले, कारण गिरणीवाल्यांनी आधीच्या हंगामाचे धान भरडाईसाठी उचललेले नाही. धान ताडपत्रीखाली उघड्यावर. चुकाऱ्याला, म्हणजे मालाचे पैसे मिळायला, आठवडे लागतात, कधी महिने. या सगळ्यात ज्याच्याकडे पैसा आणि जागा आहे तो तग धरतो. गावात कमी भावाने घेतलेले धान शेतकऱ्याच्याच सातबाऱ्यावर केंद्रावर चढवले जाते, ही गोष्ट धानपट्ट्यात लहान मुलालाही माहीत आहे. हमीभाव शेतकऱ्याच्या नावावर निघतो आणि मधला फरक त्याला मिळतो ज्याला थांबता आले. पलीकडे छत्तीसगडमध्ये २०२३-२४ पासून क्विंटलला ३,१०० रुपये, एकरी २१ क्विंटलपर्यंत. गोंदिया-गडचिरोलीच्या सीमेवरच्या शेतकऱ्याला हा आकडा रोज टोचतो.

महाराष्ट्राने क्विंटलमागचा बोनस बदलून हेक्टरी प्रोत्साहन रक्कम सुरू केली, २०२४-२५ मध्ये हेक्टरी २० हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. यात एक गोष्ट मला मनापासून पटली. नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने केंद्रावर धान विकले नाही तरी रक्कम मिळते, म्हणजे घरच्यासाठी धान ठेवणाऱ्याला शिक्षा होत नाही. पण ही रक्कम हंगाम उलटून गेल्यावर हातात येते. तीच दिवाळीआधी मिळाली तर हलक्या धानाची पडेल भावाने होणारी निम्मी विक्री आपोआप थांबेल. पैसा तेवढाच खर्च होणार आहे. तारीख तेवढी बदलायची आहे.

खासगी खरेदीदारांचे काय? तुमसर, गोंदिया, मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंज-वडसा या पट्ट्यात भातगिरण्यांची कमतरता नाही. तयार तांदळाला बाजारही आहे. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, एचएमटी आणि जय श्रीराम ही वाणांची नावे पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानांतही ओळखीची आहेत. मोठ्या खरेदीदाराला एक वाण, एक ओलावा आणि ट्रकभर माल एकाच ठिकाणी लागतो. दोन एकरवाल्या चाळीस जणांनी ठरवून एकच वाण लावले तर तो माल उभा राहतो, आणि त्यासाठी जास्त भाव मागता येतो. हे शक्य आहे, आणि व्हायलाही हवे.

पण एचएमटीची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडले. १९८० च्या दशकात त्यांना पटेल-३ या वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे लावून बघितल्या आणि त्यातून बारीक, चवदार, चांगले पिकणारे धान मिळाले. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला पडले. ते वाण राज्याच्या सीमा ओलांडून गेले, गिरण्यांनी पॅकबंद केले, बियाणे विकणाऱ्यांनी विकले. दादाजींना पुरस्कार मिळाले, सत्कार झाले, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरची परिस्थिती हलाखीचीच होती. बाजाराशी यापेक्षा जास्त कोण जोडला जाऊ शकतो? त्यांचे धान देशभर पोचले. त्या प्रवासात ते कुठल्याच टप्प्यावर सौदा ठरवणाऱ्या जागी नव्हते. वाण निवडणाऱ्या माणसाची ही गत झाली, तर नुसते पिकवणाऱ्याने व्यावसायिक साखळीत शिरताना काय काय लिहून घ्यायला हवे याचा विचार करायलाच हवा.

सगळ्यात आधी भावाची रीत लिहून घ्यायला हवी. हमीभाव हा तळ, त्यावर वाणाचा आणि दर्जाचा वाढावा, आणि बाजार चढला तर त्यातला वाटा. हा तिसरा भाग का हवा ते जुलै २०२३ ने दाखवले. केंद्राने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती थेट सप्टेंबर २०२४ मध्ये उठवली. ग्राहकाला भाव परवडावा म्हणून हे केले हे मान्य. पण अशा निर्णयाचा फटका खरेदीदार शेतकऱ्याकडे सरकवतो आणि तेजीचा फायदा मात्र स्वतःकडे ठेवतो. कागदावर वाटा नसेल तर तेजी आली काय आणि गेली काय, शेतकऱ्याला सारखेच.

पैशांची तारीखही तितकीच महत्त्वाची. महाराष्ट्रात ऊस उत्पादकाने हे लढून मिळवले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. कारखाने ते नेहमी पाळतात असे नाही, पण शेतकऱ्याच्या हातात भांडायला कायदा असतो. सरकारी केंद्रावर धान विकणाऱ्याकडे व्याजाचा असा कायदा नाही. ऊस पश्चिम महाराष्ट्राचा आणि धान पूर्व विदर्भाचे, एवढ्यावरून हा फरक पडावा याचा मला राग येतो. केंद्रावर काटा झाल्यापासून चौदा दिवसांत चुकारा, नाहीतर व्याज, ही मागणी इथल्या आमदार-खासदारांनी आतापर्यंत लावून धरायला हवी होती.

एकत्र विकण्याचा विषय निघाला की इथले लोक संघटित होत नाहीत असे सांगितले जाते. गडचिरोलीत जाऊन हे कोणी म्हणू नये. मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आपल्या हातात घेतले. त्यानंतर वनहक्क कायदा आणि पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, यांच्या आधाराने कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः जाहिरात देऊन, निविदा मागवून विकू लागल्या. ठेकेदार गावात येतात, सभेत बोली होते, दर सगळ्यांसमोर ठरतो. काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे थकवले, ग्रामसभांनी त्यातून अनामत रकमेचा धडा घेतला. आणि हीच माणसे नोव्हेंबरमध्ये धान विकताना एकेकटी होतात. फरक उघड आहे. तेंदूपत्ता गावाचा असतो आणि त्यावर कोणाची वैयक्तिक उधारी नसते. धानावर मात्र पेरणीपासून कोणाचे तरी नाव चढलेले असते. उधारीचा दोर सैल केला तर तेंदूची रीत धानालाही लागू होईल, असे मला ठामपणे वाटते.

दोर सैल करण्याचे साधन राज्यात आहे, फक्त ते चुकीच्या जागी ठेवलेले आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम सहा टक्के व्याजाने घ्या, सहा महिन्यांत माल सोडवा किंवा विका. धान या योजनेत बसते. पण ती चालते बाजार समित्यांमार्फत, आणि कोरची, भामरागड किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातला माणूस पंधरा पोती घेऊन समितीच्या गोदामापर्यंत जाणार कसा? भाड्यातच व्याजाचा फायदा संपतो. ही योजना आविका संस्थेच्या आणि महिला बचत गटांच्या प्रभाग संघाच्या दारात आणली पाहिजे. शंभर-दोनशे क्विंटलचे लहान गोदाम, लाकडी फळ्यांवर रचलेली पोती, उंदीर आणि टोका (धान्यातली कीड) यांचा नीट बंदोबस्त, आणि पावतीवर दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. धान ठेवले तरी भाव चढेलच असे नाही. सरकारी साठे मोठे असले की उन्हाळ्यापर्यंत भाव जागचा हलत नाही, वर घट आणि व्याज. खरे आहे. पण मी सट्टा खेळायला सांगत नाही. पहिले पंधरा दिवस टळले पाहिजेत, केंद्राचा काटा लागेपर्यंत तग धरता आला पाहिजे, आणि घरचे पाच क्विंटल त्या रेट्यातून वाचले पाहिजेत. तारण कर्जाने एवढे साधले तरी पुष्कळ.

जमेल तिथे धान न विकता तांदूळ विकावा. हमीभावाने धरले तर किलोभर तांदळात शेतकऱ्याचे साधारण पस्तीस रुपयांचे धान असते. दुकानातला चांगल्या वाणाचा भाव वाचकांनी स्वतःच ताडून पाहावा. कोंड्यापासून तेल निघते, तूस इंधनाला जाते, कनकीला (तुकडा तांदळाला) पिठापासून कोंबडीखाद्यापर्यंत गिऱ्हाईक आहे. आज हे सगळे गिरणीत राहते. लहान गिरणी गटाची असली तर कोंडा निदान घरच्या जनावरापर्यंत येतो.

अन्नाची हमी म्हणजे नुसता भात नव्हे, हेही खरेदीदाराशी बोलताना विसरता येत नाही. इथल्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर असते. धान निघण्याआधीच ओल्या बांधीत लाखोळी (लाखेची डाळ), जवस टाकले जाते, कुठे हरभरा, कुठे पोपट (वाल). घरातली डाळ आणि तेल तिथून येते. पाण्याची सोय असलेल्या ठिकाणी एकाच वाणाचा मोठा करार आला की उन्हाळी धानाचा मोह होतो, रब्बीचे कडधान्य हटते आणि फवारणीमुळे धुऱ्यावरच्या तुरीला जागा उरत नाही. पैसा थोडा वाढतो आणि ताटातले वरण विकत आणावे लागते. कराराच्या मसुद्यात धुरा आणि रब्बी शेतकऱ्याच्या मर्जीवर राहील असे स्पष्ट लिहिलेले हवे.

आणि करारावर सही कोणाची, हा प्रश्न तर अजून कोणी हातातच घेतलेला नाही. नोंदणी, हमीभाव, प्रोत्साहन रक्कम, सगळे सातबाऱ्यावर चालते. ठेक्याने किंवा अधियाने (अर्ध्या वाट्याने) बांधी करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, रोवणीत कंबर मोडणाऱ्या बाईचे तर बहुधा कुठेच नसते. खत-बियाणे बांधी करणाऱ्याचे, मजुरी त्याची, पिकाची जोखीम त्याची, आणि हेक्टरी २० हजार जमीनमालकाच्या खात्यात. सर्वांत घाईने, सर्वांत पडेल भावाने विकतो तो हाच शेतकरी, कारण त्याला केंद्राचा दरवाजाच नाही. म्हणून गावच्या धान कोठाराचे सभासदत्व सातबाऱ्याला बांधू नये. यंदा ही बांधी कोणी केली हे ग्रामसभेला पक्के ठाऊक असते. तिने ऑगस्टमध्ये, रोवण्या आटोपल्यावर, नवरा-बायको दोघांच्या नावांनिशी तशी यादी करावी, आणि फेडरेशन, महामंडळ आणि खासगी खरेदीदार या तिघांनीही धान घेताना आणि पैसे देताना तीच यादी मानावी.